आज कोण नाही?

शब्बाथ शाळा म्हणजे चर्चमध्ये रविवारी भरणारी मुलांची शाळा. तिच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली ती २०२२ च्या जूनमध्ये. आमच्या मंडळीत ३१ वर्षं ही शाळा चालवणाऱ्या बाईंना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. उपासना संपल्यावर त्यांनी मला थांबवलं, पदराच्या गाठीतून किल्ली सोडली आणि म्हणाल्या, "सूनबाई, पोरं येतात तोवर शाळा. पोरं थांबली की नुसतं कपाट." मी हो म्हटलं. गोष्टी मला येत होत्या, गायनं येत होती. एवढं पुरेल असं वाटलं होतं.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात. आठवडाभर मी नगरला असते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं. तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने गावी येते. आमचं चर्च म्हणजे दगडी भिंतींची एक खोली, वर पत्रे. साडेदहाला पाळकसाहेब उपासना सुरू करतात; त्याआधी साडेआठ ते दहा शब्बाथ शाळा. पटावर २६ मुलं. सगळ्यांत धाकटी चार वर्षांची, आजोबांचं बोट धरून येणारी. सगळ्यांत थोरले तिघे आठवीतले, दाराला टेकून उभे राहणारे. या सगळ्यांचा मिळून एकच वर्ग.

पहिले पाच रविवार मी बाईंच्याच पद्धतीने चालवले. दोन गायनं, प्रार्थना, गोष्ट, सुवर्णवचन म्हणजे त्या दिवशी पाठ करायचं शास्त्रातलं वचन, हजेरी. बाईंकडे गोष्ट सांगायचा आवाज होता, त्या नुसत्या बोलल्या तरी पोरं हलत नसत. माझं तसं नव्हतं. मी बोलायला लागले की मुलं खिडकीबाहेर बघायची, चिमुरड्या एकमेकींच्या वेण्या सोडायच्या. सुवर्णवचन पाच वेळा सुरात म्हणवून घेतलं की पाठ झाल्यासारखं वाटायचं आणि पुढच्या रविवारी पहिला शब्दही कुणाला आठवायचा नाही. पाचव्या रविवारी १७ मुलं आली, सहाव्या रविवारी ११. बाई पुढच्या बाकावर बसून सगळं ऐकत असत. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला फार लागलं.

जुलैअखेर नगरला शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. रजा टाकून गेले. पहिल्या दिवशी थोडा इतिहास सांगितला. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७८० साली रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाने रविवारची शाळा काढली, ती टाचण्यांच्या कारखान्यांत सहा दिवस राबणाऱ्या मुलांसाठी. त्यांना रविवार तेवढा मोकळा मिळायचा. त्या शाळेत आधी वाचायला शिकवत. मी हे वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेले. ते पुन्हा आठवायला एक मुलगी निमित्त झाली, तिच्याबद्दल पुढे सांगते.

पुढचे दोन दिवस हस्तकलेचे होते. कागदी पिशवीची बाहुली, पुठ्ठ्याचं तारू, कापसाचं मेंढरू. मला ते सगळं इतकं आवडलं की परतताना मी बाजारातून चौदाशे रुपयांचं सामान घेतलं. रंगीत कार्डशीट, फेव्हिकॉल, चमकी, कापसाचे गोळे. पुढच्या रविवारी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला आणि छापील चित्रावर कापूस चिकटवायला दिला. तास कसा गेला कळलं नाही. मुलं खूश, मी खूश, बाकांना फेव्हिकॉल. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलं, "मागच्या वेळी आपण काय केलं?"

"कापूस चिटकवला."

"कशाला?"

कुणी काही बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, पण मेंढरं काळी असतात." खरंच होतं. आमच्याकडे दर वर्षी धनगरांचे कळप उतरतात, ती दख्खनी मेंढरं बहुतेक काळीच. छापील चित्रातलं ते पांढरंशुभ्र गुबगुबीत जनावर माझ्या मुलांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी एक अनोळखी प्राणी रंगवला होता.

मी सामान बाजूला ठेवलं आणि तीच गोष्ट परत सांगायला घेतली. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात गेला. इथे पाचवीतला एक मुलगा उठून उभा राहिला. तो रोज शाळेआधी आणि शाळेनंतर घरच्या शेळ्या राखतो. वर्गात त्याने तोवर तोंड उघडलेलं नव्हतं.

"बाई, नव्याण्णव रानात सोडून कसं जाईन कोन? लांडगा येईल की माघारी."

मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय काढला. रानातच लिहिलं होतं. तो विचारात पडला. "मग दुसरा राखन्या आसंल संगं. न्हाईतर वाघर लावून कोंडली आसतील." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, हे मला त्याच्याकडून कळलं. मग आठवीतला दारातला एक मुलगा आत आला आणि म्हणाला, मुळात शंभरात एक कमी आहे हे त्याला कळलं कसं? रोज संध्याकाळी मोजत असेल काय?

शेळ्यावाल्याने त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा काय विचारण्यासारखा प्रश्न आहे. "मोजत न्हाईत. बघितलं की कळतं, कोन न्हाई ते."

मी हा दाखला लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यावर दोनदा स्त्रियांच्या सभेत बोललेही आहे. तो मेंढपाळ मोजत नसेल, तोंडं ओळखत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही तिथल्या तिथे एक खेळ केला. सगळ्यांनी डोळे मिटायचे, मी एकाला उठवून घोंगडीखाली लपवायचं, डोळे उघडले की न मोजता सांगायचं, कोण नाही. पहिल्या दोन खेपांना वेळ लागला. मग लागेनासा झाला. चार वर्षांची चिमुरडी सगळ्यांत तरबेज निघाली.

तेव्हापासून आमची हजेरी अशीच होते. मी नावं पुकारत नाही. मुलं गोल बसतात, एकमेकांकडे बघतात आणि मी विचारते, "आज कोण नाही?" ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी शाळा सुटल्यावर दोघं जण जाऊन येतात. कुणी तापाने पडलेलं असतं, कुणाला कापूस वेचायला नेलेलं असतं, कुणाचा एकुलता एक चांगला कपडा वाळलेला नसतो. ऑगस्टच्या शेवटी हजेरी पुन्हा २३ वर आली. मुलं मला आणायला जावी लागली नाहीत, ती एकमेकांना घेऊन आली.

(याच दाखल्याच्या दिवशी एका मुलीने विचारलं होतं, "बाई, दाखला म्हंजी जातीचा का शाळा सोडल्याचा?" तोवर महिनाभर मी दाखला-दाखला म्हणत होते आणि लहान मुलांच्या डोळ्यांसमोर तहसील कचेरी उभी राहत होती. हे ती म्हणेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. आता मी आधी 'शिकवणीची गोष्ट' म्हणते, मग 'दाखला' हा शब्द देते.)

त्या रविवारने मला एक गोष्ट पक्की कळली. गोष्टीत जी वस्तू आहे, जे काम आहे, जे अंतर आहे, तेच मुलांच्या हातात द्यायचं. वरून काही चिकटवायचं नाही. शास्त्रातल्या अर्ध्याअधिक गोष्टी शेतातल्या, पाणवठ्यावरच्या, जनावरांच्या आहेत आणि त्या बाबतीत माझ्या वर्गात माझ्याहून जाणती पोरं बसलेली आहेत.

मग नोहाचं तारू घेतलं. शास्त्रातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मापं दिलेली आहेत: लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मी सुतळीचं मोठं बंडल आणलं आणि म्हटलं, मोजा. लगेच भांडण लागलं, हात कुणाचा धरायचा? मोठ्याचा धरला तर तारू मोठं, लहानाचा धरला तर छोटं. शेवटी ठरलं की सगळ्यांचे हात धरायचे, आळीपाळीने. एक हात झाला की एक गाठ. त्या दिवशी वीस मुलं होती, प्रत्येकाचे पंधरा हात. चिमुरडीचे पंधरा हात मोजताना सगळे मोठ्याने आकडे म्हणत होते. गाठी मारायला दोन रविवार लागले. दारात उभे राहणारे तिघे या कामावर मुकादम झाले आणि त्यानंतर ते दारात परत गेले नाहीत.

तिसऱ्या रविवारी सुतळीचं एक टोक चर्चच्या दाराला बांधलं आणि दुसरं घेऊन मुलं निघाली. आवाराच्या बाहेर, बोअरच्या पुढे, पिंपळाच्या पाराला वळसा घालून. पारावरची माणसं विचारायला लागली, हे काय चाललंय? पोरांनी सांगितलं, तारू आहे. पाळकसाहेबांचा हात दीड फुटाचा भरला, म्हणजे त्यांच्या हाताने तारू साडेचारशे फूट झालं असतं, थेट पिठाच्या गिरणीपर्यंत. पोरांनी गिरणीपर्यंत पळत जाऊन तिथे रेघ ओढली. एवढी मोठी वस्तू पाऊस नसताना, लोक हसत असताना एका माणसाने बांधत राहायची, यावर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. आठवीतला एक जण परत येताना म्हणाला, "बाई, त्याचे पोरं कटाळले आसतील." त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट झाली. मापांचं वचन वाचायला मी सहावीतल्या एका मुलीला उभं केलं. हुशार मुलगी, गायनं सगळ्यांआधी पाठ. तिने पुस्तक हातात घेतलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि मी गोष्टीत जे सांगितलं होतं तेच म्हणून दाखवलं. पुस्तकातले शब्द वेगळे होते. तिला काना-मात्रा येत होत्या, जोडाक्षर आलं की ती अडत होती आणि ते झाकायला तिने पाठांतर कमावलं होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी येते, घरातली सगळी टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे कारखान्यावर, ते पाडव्याच्या पुढेमागे माघारी. पहिलीपासून तिचं प्रत्येक वर्ष अर्धंच झालं होतं. शिबिरात वहीत लिहून घेतलेला तो टाचण्यांचा कारखाना मला तेव्हा आठवला.

त्यानंतर दर रविवारी पहिली २० मिनिटं मी वाचनाला ठेवली. लॅबमध्ये किटचे पांढरे पुठ्ठ्याचे खोके फेकायला निघतात, ते कापून पत्ते केले. एका वचनाचे शब्द सुटे करून गठ्ठा करायचा, जोडीने बसून ओळीत लावायचे. एक मोठं मूल, एक लहान. मोठ्यांना वाटतं आपण लहानांना शिकवतोय, त्यामुळे ज्याला येत नाही त्यालाही लाज वाटत नाही. त्या मुलीला मी पहिलीतल्या मुलाबरोबर बसवलं. 'ख्रिस्त' आणि 'प्रभू' हे दोन शब्द तिने आयुष्यभर म्हटले होते. ते कागदावर कसे दिसतात हे तिने तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

पेरणाऱ्याचं बी वाटेवर, खडकाळीत, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं, त्या दाखल्यासाठी मी सप्टेंबर धरला. चार घमेली घेतली. एकात माती ठोकून ठोकून वाटेसारखी घट्ट केली, एकात तळाला फरशीचे तुकडे आणि वर बोटभर माती, एकात हराळीच्या मुळ्या पुरल्या, एकात शेणखत घातलेली भुसभुशीत माती. चारींत मूठ-मूठ मेथी टाकली आणि चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीला ठेवली. पाणी घालायच्या पाळ्या लावल्या. पुढच्या रविवारी मी आले तर मुलं रस्त्यापर्यंत पळत आली. "बाई, दगडावाली जिंकली!" खरंच, फरशीवरच्या पातळ मातीत मेथी सगळ्यांआधी वर आली होती, खतवाल्या घमेल्यात नुसती माती फुगलेली दिसत होती. वाटेवरचं बी चिमण्यांनी सोमवारीच संपवलं होतं.

मी गोंधळले. मग मत्तयचा १३ वा अध्याय काढला आणि वाचताना अंगावर काटा आला. माती खोल नव्हती म्हणून ते लवकर उगवलं, असंच तिथे लिहिलं आहे. किती वेळा वाचलं असेल मी ते. 'लवकर' या शब्दावर माझी नजर कधी थांबली नव्हती. मी मुलांना काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं, बघत राहू. तिसऱ्या रविवारी पाऊस उघडला होता, ऊन तापलं होतं, दगडावरची मेथी माना टाकून पडली होती. जिंकली म्हणून ओरडणारा मुलगा त्या घमेल्याशी बराच वेळ बसून होता. त्याने दिवसातून दोनदा पाणी घातलं होतं, म्हणाला. हराळीतली मेथी जगली, पण दोऱ्यासारखी. खतातली पाचव्या आठवड्यात खुडली, जुडी बांधून मोठ्या बाईंच्या, म्हणजे आधीच्या बाईंच्या घरी दिली. एक गोष्ट पाच आठवडे चालली आणि पाचही आठवडे कुणी गैरहजर राहिलं नाही. शेजारपाजारची, दुसऱ्या घरांतली मुलंही बघायला येत. त्यांच्या आयांना विचारल्याशिवाय मी त्यांना आत बसवलं नाही आणि हे मला महत्त्वाचं वाटतं.

सगळंच जमलं असं नाही. यरीहो शहराचा तट पडल्याच्या गोष्टीसाठी खोक्यांची भिंत रचली, सात फेऱ्या, आरोळी, भिंत पडली. इतकी मजा आधी कधीच आली नव्हती, आणि शेवटी दोघांची मारामारी होऊन एकाचं नाक फुटलं. पुढच्या रविवारी विचारलं तर आठवलं ते नाक. मजा येणं आणि गोष्ट मनात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा नाही, हे मी त्यातून शिकले.

पण माझी खरी चूक जक्कयच्या गोष्टीत झाली.

लूकच्या १९ व्या अध्यायातला जक्कय, मुख्य जकातदार, श्रीमंत, ठेंगणा. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. आपल्या मराठी शास्त्रात उंबरच लिहिलं आहे आणि ते बरोबर बसतं. तिकडचं ते झाड वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं, खोडाला घोसांनी फळं धरणारं. आमच्या विहिरीजवळ जुना उंबर आहे, फांदी कमरेएवढी खाली. मी आदल्या दिवशी जाऊन फांदी हलवून बघितली, खाली दोन मोठी माणसं उभी करायची ठरवलं. सगळी तयारी केली. आणि सकाळी गोल बसलेल्या मुलांकडे बघून मी सहज म्हटलं, "जक्कय कोण होणार? आपल्यात ठेंगणं कोण?"

सगळ्यांनी एकाच मुलाकडे बोट दाखवलं. सातवीतला आहे, चौथीतल्याएवढा दिसतो. तो उठला, झाडावर चढला, मी सांगितलेली वाक्यं म्हणाला, उतरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. पुढच्या रविवारी मी विचारलं, आज कोण नाही, आणि सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. दोघं जाऊन आले. म्हणाले, घरात होता पण बाहेर आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

त्या संध्याकाळी मी एसटी सोडली आणि त्याच्या घरी गेले. त्याची आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "शाळेत जक्क्या म्हनत्यात आता त्याला." मला तिथे उभं राहवेना. तो ओट्यावर बसला होता. मी त्याला म्हटलं, मी चुकले, माझ्यामुळे झालं. तो खूप वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला आणि मग म्हणाला, "मला गर्दीत ऱ्हायचंय बाई."

आम्ही ती गोष्ट पुन्हा घेतली. या वेळी झाडावर कुणालाच चढवलं नाही. सगळे गर्दी झालो, मी पण, पाळकसाहेब पण. खांद्याला खांदा लावून रस्त्याच्या कडेने उभे राहिलो आणि मी विचारलं, एका माणसाला दिसत नाहीये, तो मागून ढकलतोय, आणि आपण कुणी सरकत नाही. का सरकत नाही? मुलांनी आधी जक्कयचे दोष सांगितले: लुबाडायचा, पैसे खायचा. मग एकीने सांगितलं, आपली जागा जाईल म्हणून. मग बराच वेळ कुणी काही म्हणेना. तो मुलगा मधोमध उभा होता. "मी फुडं आसतो तर सरकलो आसतो," तो म्हणाला. त्यानंतर शाळेत नाव ठेवणारे थांबले का, तर लगेच नाही. पण आमच्यातल्या दोघा थोरल्यांनी तिथे जाऊन काहीतरी बोलणं केलं, एवढं मला नंतर कळलं. आता मी कुणालाही पात्र नेमून देत नाही. ज्याला जे व्हायचं ते तो होतो, आणि नको म्हणणाऱ्याला गर्दी नेहमी मोकळी असते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कोयते, म्हणजे ऊसतोडीची कुटुंबं, निघायची तयारी चालली होती. आमच्या पटावरची दहा मुलं जाणार होती. मी प्रत्येकाला एक कापडी पोटली शिवली: पाच गुळगुळीत गोटे, मोहरीचे दाणे, काळ्या लोकरीचा पुंजका, उंबराचं पान, आणि गाठी मारलेली हातभर सुतळी. वस्तू बघून गोष्ट आठवायची आणि कोपीवर, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, बाकीच्या पोरांना सांगायची. वाचणाऱ्यांच्या पोटलीत लूककृत शुभवर्तमानाची सुटी पुस्तिका घातली. सहावीतल्या त्या मुलीने ती उघडून वास घेतला. पुढच्या रविवारी मी विचारलं, आज कोण नाही, तर उरलेल्या मुलांनी एका दमात दहा नावं घेतली आणि मग गप्प झाली. त्यांच्या घरी कुणाला पाठवायचं? घरांना कुलपं होती. त्या दिवसापासून प्रार्थनेत ती दहा नावं म्हणायची ठरलं, सगळी, दर रविवारी.

हिवाळा शांत गेला. कमी मुलांत खमिराचा दाखला करून पाहिला: दोन डब्यांत मैदा भिजवला, एकात बेकरीतून आणलेलं यीस्ट, आणि उपासना होईपर्यंत उन्हात ठेवले. परत येऊन बघितलं तर एकाचं झाकण वर उचललेलं. सुवर्णवचनांसाठी मंडळीतल्या एका आजींना बोलावलं. जात्यावर दळणं दळलेल्या त्या आजींनी प्रत्येक वचन ओवीच्या चालीत बसवून दिलं आणि त्या चालीत ते मुलांना एका रविवारी पाठ झालं, महिन्यांनी विचारलं तरी आलं. नवल वाटायचं कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आमच्या उपासनेत ओवी-अभंग आणून शंभरावर वर्षं झाली. मीच मुलांना शाळेतल्या पाढ्यासारखं घोकवत बसले होते.

येशू यरुशलेमात आला त्याची आठवण म्हणून झावळ्यांचा रविवार असतो, तो २०२३ ला २ एप्रिलला होता. गेलेल्या दहांपैकी आठ जणं परत आली होती. काळवंडलेली, उंच झालेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. शिंदीच्या झावळ्या घेऊन फेरी निघणार होती, मी त्या वाटत होते. ती मुलगी जवळ आली, पुस्तिकेचे कोपरे पार दुमडलेले, मधे एक पान उसाच्या पाचटाने खूण केलेलं.

"बाई, यात झावळ्या न्हाईत."

"कशात?"

"एकोणीसमधी. निसते कपडे हातरलेत रस्त्यावर."

मी पुस्तिका घेतली आणि वाचली. तिचं खरं होतं. लूकच्या वर्णनात लोक वाटेवर आपली वस्त्रं पसरतात. झावळ्यांचा उल्लेख योहानात आहे. इतक्या वर्षांत हे मला कुणी दाखवलं नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं. तिने कोपीत मोबाइलच्या बॅटरीवर रोज थोडं थोडं वाचलं होतं, अडलं की पुढे जायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत तिथूनच. सहा महिन्यांत १९ अध्याय झाले होते. पाच अजून राहिलेत, असं तिने जरा ओशाळून सांगितलं.

त्या दिवशी फेरीत झावळ्याही होत्या आणि पोरांनी आपल्या ओढण्या, शर्ट, टॉवेल आवारातल्या धुळीत पसरले. आयांनी कटकट केली, पाळकसाहेबांनी त्यावरून चालायला आधी नको म्हटलं, मग चपला काढून चालले.

गोल बसल्यावर मी नेहमीचं विचारलं, आज कोण नाही? अजून दोघं कारखान्यावरच होते, त्यांची नावं निघाली. मग चार वर्षांची, आता पाचाची झालेली चिमुरडी पुढच्या बाकाकडे बघत म्हणाली, "मोठ्या बाई न्हाईत."

त्यांचा गुडघा धरला होता, आठवडाभर अंथरुणावर होत्या. रीतीप्रमाणे दोघांनी जायचं, पण उपासना सुटल्यावर सगळीच निघाली. त्यांच्या ओसरीत मावेनात, निम्मी अंगणात उभी राहिली. बाईंनी एकेकाचं तोंड हाताने चाचपून नाव ओळखलं, न चुकता. मग विचारलं, आज काय घेतलं? ती मुलगी त्यांच्या खाटेजवळ खाली बसली, पाचटाची खूण काढली आणि एकोणिसावा अध्याय वाचायला लागली. हळूहळू, बोट ठेवून. जोडाक्षर आलं की ती थांबायची, ओठ हलवायची, मग पुढे जायची. बाईंना अख्खा अध्याय पाठ होता. मुलगी अडली की त्यांचे ओठ आधीच तो शब्द धरून असायचे. पण त्यांनी एकदाही तो सांगितला नाही. ती शब्द काढेपर्यंत त्या थांबून राहत होत्या, आणि आम्ही सगळे त्यांच्याबरोबर.